खिमा घरचा, यंत्र विजेचे

मटणाची फोड चावायला दात लागतात, ही गोष्ट एवढी उघड आहे की दात असेपर्यंत ती कुणाच्या ध्यानात येत नाही. आमच्या घरात ती ध्यानात आली बाबांमुळे. बाबा गिरणीत राबलेले, आज पंचाहत्तरीचे. दोन वर्षांपूर्वी त्यांचे उरलेसुरले दात काढावे लागले. कवळी केली, पण ती हिरड्यांना टोचते म्हणून बहुतेक वेळ वाटीतल्या पाण्यातच पडून असते. त्यानंतर रविवारी मटण शिजले की बाबा रश्श्यात भाकरी कुस्करून खायचे आणि ताटातल्या फोडी नातवंडांकडे सरकवायचे. "पोरांना द्या. मला रस्सा पुरे," म्हणायचे. वजन उतरत चालले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितले, की नुसत्या रश्श्यावर या वयात अंग धरत नाही; अंडी द्या, मऊ मासे द्या, घट्ट वरण द्या, आणि मटणाची आवड असेल तर खिमा करून द्या.

सांगणे सोपे होते. पण खिमा आणायचा कुठून आणि करायचा कसा, यावर आमच्या घरात महिनाभर चर्चा चालली. अशी चर्चा अनेक घरांत होत असेल. कुठे म्हातारे आईवडील असतात, कुठे दाढा न आलेले मूल असते, कुठे तोंडाचे ऑपरेशन झालेले माणूस असते. म्हणून आमचा अनुभव सविस्तर मांडत आहोत.

दुकानातला खिमा

पहिला मार्ग अर्थात दुकानाचा. आमचा मटणवाला भला माणूस आहे, वजनात मारत नाही. पण त्याचे यंत्र मोठे, दिवसाला कितीतरी किलो काढणारे. अर्धा किलो मटण त्यात घातले की त्यातले थोडे यंत्राच्या पोटातच राहते. आधीच्या गिऱ्हाइकाची चरबी आपल्या पिशवीत येते, आपले मांस पुढच्याच्या पिशवीत जाते. सकाळी यंत्र धुतलेले असते, अकराच्या गर्दीत मात्र ते धुवायला कुणाला सवड? आणि तयार करून ठेवलेला खिमा घेतला, तर त्यात रानाचे मांस किती आणि चरबी-पडदे किती, हे डोळ्यांना कळत नाही. फोडीत माणूस काय घेतो ते दिसते, खिम्यात ते दडते.

त्यामुळे आमचे पहिले सांगणे हे, की घरी यंत्र असो वा नसो, मटण आधी अखंड तुकड्यात पाहून घ्यावे. महापालिकेचा शिक्का पाहावा, वास घ्यावा, आणि मगच हाडे काढून मागावे. दुकानातच खिमा करायचा असेल तर सकाळी पहिल्या तासात जावे.

कोयता आणि आवाज

दुसरा मार्ग कोयत्याचा. लाकडी ठोकळ्यावर दोन हातांनी मटण बारीक करीत जायचे. चवीला हा खिमा सगळ्यात चांगला, हे आम्ही आजही म्हणतो. कारण मांस कापले जाते, चेचले जात नाही. पण अर्धा किलोला पाऊण तास मोडतो. आईच्या मनगटात कळ येते, आणि आम्ही दोघेही कामावर जाणारे. रविवार तेवढा मोकळा.

आणखी एक अडचण होती, तीही सांगितली पाहिजे. चाळीत होतो तेव्हा कोयत्याची टकटक सुरू झाली की शेजारची वहिनी दारातूनच विचारायची, "आज खिमा का हो?" आणि तिची वाटी तेव्हाच ठरायची. आता आम्ही भाड्याच्या घरात, दुसऱ्या मजल्यावर राहतो. घर बघत फिरलो तेव्हा भाड्याच्या आकड्याआधी एक प्रश्न ठरलेला असायचा, "मटण-मासे करता का?" काही ठिकाणी हा प्रश्न खरोखर मटणाबद्दल असतो आणि काही ठिकाणी तो आडनावाबद्दल असतो, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. शेवटी जे घर मिळाले, तिथे पहिले चार-सहा महिने आई ठोकळ्याखाली गोणपाटाची चौघडी घालून खिमा करीत असे. आवाज खाली जाऊ नये म्हणून. आपल्या कष्टाच्या पैशाचे अन्न चोरट्यासारखे शिजवायचे, हे आम्हाला दोघांनाही सलत होते. यंत्र घ्यायचे ठरले ते बाबांसाठी, पण त्या गोणपाटाचाही त्यात वाटा होता.

विजेच्या यंत्रालाही आवाज असतोच, मिक्सरएवढा असतो. पण तो पाच-सात मिनिटांत संपतो. आणि आता आम्ही गोणपाट घालत नाही.

हाताचे, मिक्सर की विजेचे?

खिम्याच्या यंत्राच्या शोधाचे श्रेय जर्मनीच्या कार्ल द्रायस यांना दिले जाते. सायकलीची पूर्वज म्हणावी अशी दोन चाकांची गाडी १८१७ साली ज्यांनी चालवून दाखवली, तेच हे गृहस्थ. यंत्राची रचना तेव्हापासून फारशी बदललेली नाही. वरून मांस घालायचे, आत मळसूत्रासारखा दांडा फिरतो आणि मांस पुढे ढकलतो, पुढे चार पात्यांची सुरी असते आणि तिच्यापुढे भोकांची जाळी. जाळीच्या भोकात शिरलेले मांस सुरी कापते आणि ते शेवयांसारखे बाहेर येते. दांडा हाताने फिरवला की हाताचे यंत्र, मोटारने फिरवला की विजेचे.

हाताचे यंत्र स्वस्त असते, वर्षानुवर्षे टिकते आणि वीज नसली तरी चालते. त्यावर ५, ८, १०, १२, २२, ३२ असे नंबर असतात. नंबर जितका मोठा तितकी जाळी मोठी. चार माणसांच्या घराला ५ किंवा ८ पुष्कळ. फक्त ते टेबलाच्या कडेला स्क्रूने घट्ट आवळावे लागते. आमच्या ओट्याचा दगड जाड, त्याला ते बसेना, आणि घरात टेबल नाही. ज्यांच्याकडे भक्कम टेबल आहे आणि दंडात जोर असलेला तरुण मुलगा आहे, त्यांनी विजेच्या यंत्रावर पैसे घालू नयेत. हाताचेच घ्यावे.

मिक्सरमध्येही खिमा होतो. बोनलेस चिकनचे लहान तुकडे, एका वेळी पाव किलोच्या आत, आणि बटण सलग न दाबता एकेक सेकंद थांबून थांबून. सलग फिरवले की खालचे मांस चिकट लगदा होते आणि वरचे तसेच राहते. कधीमधी करायचे असेल तर मिक्सर पुरे. पण मटणाच्या शिरा त्याला आवरत नाहीत. त्या पात्याला गुंडाळतात.

आमच्याकडे आठवड्यातून दोनदा, एकेका वेळी अर्धा ते पाऊण किलो एवढे काम होते. आईचे मनगट, नसलेले टेबल आणि आमची वेळ यांचा हिशेब करून आम्ही विजेचे यंत्र घेतले. भिशीचा नंबर लागला त्या महिन्यात चार हजारांच्या थोडे वर पैसे गेले.

विकत घेताना काय पाहावे

पहिली गोष्ट वॉटची. खोक्यावर मोठ्या अक्षरांत १८०० किंवा २००० वॉट लिहिलेले असते. मोटार अडकून जागच्या जागी थांबली तर क्षणभर जी वीज ओढते, त्याचा तो आकडा असतो बहुतेक वेळा. नेहमीच्या चालण्याचा आकडा यंत्राच्या बुडाशी चिकटवलेल्या पट्टीवर बारीक अक्षरांत असतो. दुकानदाराला यंत्र उलटे करायला सांगावे आणि तो वाचावा. घरच्या कामाला ३०० ते ५०० वॉट भरपूर होतात. बिलाची धास्ती नको. ५०० वॉटचे यंत्र दहा मिनिटे चालले तर एका युनिटचा बारावा हिस्सा खर्च होतो.

दुसरी गोष्ट दांड्याची. मळसूत्री दांडा, तोंडाची नळी आणि पुढची फिरकी धातूची आहे ना, हे बोटाने वाजवून पाहावे. प्लॅस्टिकचा दांडा कडक शिरेपुढे झिजतो. सुरी आणि जाळ्या पोलादी हव्यात. जाळ्या निदान दोन हव्यात, एक जाड भोकांची, साधारण ८ मिलिमीटरची, आणि एक बारीक, ३ ते ५ मिलिमीटरची.

तिसरी गोष्ट उलट्या फिरण्याच्या बटणाची. शीर अडकली तर दांडा मागे फिरवून मोकळा करता येतो. हे बटण नसलेले यंत्र स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

चौथी गोष्ट प्लगची. तीन पिनांचा प्लग असेल तर तिसरी पिन मोडून तो दोन पिनांच्या बोर्डात बसवण्याचा उद्योग कुणी करू नये. ती पिन अर्थिंगची, म्हणजे जिवाची असते. जुन्या चाळींत आणि वस्त्यांत पुष्कळ बोर्डांना अर्थिंग नसतेच. यंत्र आणण्याआधी वायरमनकडून तेवढे काम करून घ्यावे.

पाचवी गोष्ट, सुरी आणि जाळी सुटी विकत मिळते का ते विचारावे. दोन-तीन वर्षांनी धार जाते. सुटा भाग मिळत नसेल तर सगळे यंत्र अडगळीत जाते.

वापरण्याची रीत

यंत्राला हाड घालायचे नाही. घरगुती यंत्र मटणाचे हाड दळण्यासाठी नसते, आणि दात नसलेल्या माणसाच्या घशात हाडाची कणी गेली तर अनर्थ होतो. मांस बोटांनी चाचपून हाडाची चीप काढावी. पांढरे पडदे आणि शिरा सुरीने सोलून काढाव्यात. मग पेराएवढे तुकडे करावेत.

हे तुकडे ताटलीत पसरून बर्फाच्या कप्प्यात अर्धा तास ठेवावेत. दगड होऊ द्यायचे नाहीत, कडा कडक झाल्या की पुरे. यामागे कारण आहे. मांस कोमट असले की चरबी वितळून जाळीच्या भोकांना लेप बसतो, मग खिमा बाहेर येण्याऐवजी आतच चेचला जातो. गार मांस स्वच्छ कापले जाते. फ्रीज नसेल तर सकाळच्या गारव्यात, आणल्या आणल्या करावे.

यंत्र जोडताना सुरीची सपाट बाजू जाळीकडे, म्हणजे बाहेर, यायला हवी. हे एक पथ्य चुकले की नवे यंत्र असूनही लगदा निघतो आणि लोक यंत्राला दोष देतात. पुढची फिरकी घट्ट बसवून मग बटण दाबावे आणि फिरू लागल्यावर मांस घालावे. एका वेळी थोडेथोडे. ढकलायला सोबत दांडके मिळते तेच वापरावे. बोट, चमचा, लाटणे यांपैकी काहीही आत घालू नये. मुले जवळ असतील तर आधी त्यांना बाहेर पाठवावे.

यंत्र कण्हू लागले की थांबावे. उलटे बटण दोन-तीन सेकंद दाबून पाहावे. तरीही मोकळे झाले नाही तर प्लग काढावा आणि मगच उघडावे. नुसते बटण बंद करून उघडू नये. सलग किती मिनिटे चालवायचे ते माहितीपत्रकात दिलेले असते. ते पाळावे आणि मग मोटार निवू द्यावी.

बाबांसाठी आम्ही दोनदा काढतो. आधी जाड जाळीतून, मग बारीक जाळीतून. बाकीच्यांना एकदाच. मानेचे आणि खांद्याचे मांस चवीला दाट पण चिवट, फोडी करून शिजवायला वेळ आणि गॅस दोन्ही खाते. खिमा केला की त्याचे लांब धागे तुटतात आणि तेच मांस मऊ होते. म्हणून खिम्यासाठी रानाचाच हट्ट धरू नये. म्हशीचे मांस मिळते तिथे तर याचा फार उपयोग. १९९५ साली विधिमंडळाने संमत केलेल्या दुरुस्तीला २०१५ च्या मार्चमध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि महाराष्ट्रात गाईबरोबर बैल-वळूंची कत्तलही बंद झाली. म्हशीचे मांस त्या बंदीत येत नाही. गरिबाच्या ताटातले मांस त्यानंतर महागच पडत गेले आहे, तेव्हा चिवट भागही वाया न घालवणे हे शहाणपण.

एका गोष्टीत मात्र हयगय नको. अखंड फोडीवरचे जंतू बहुतेक करून वरच्या अंगाला असतात, शिजवताना ते लवकर मरतात. खिमा केला की ते सगळीकडे मिसळतात. म्हणून खिमा उघड्यावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि आपल्या उन्हाळ्यात तर एक तासही फार. फ्रीजमध्ये ठेवला तरी एक-दोन दिवसांत संपवावा. आणि शिजवताना आतपर्यंत शिजला पाहिजे. जाणकार ७१ अंश सेल्सिअसचे माप सांगतात, चिकनला ७४. आपल्याकडे थर्मामीटर नसतो, तेव्हा गाठी फोडून, झाकण ठेवून, उकळी आल्यावर वीस-पंचवीस मिनिटे शिजवावा. वरचा रंग बदलला म्हणजे शिजला, असे नव्हे.

धुणे कुणाचे?

शेवटी शिळ्या पावाचा तुकडा यंत्रातून काढावा, आत अडकलेला खिमा तो ढकलून आणतो. मग प्लग काढून सगळे भाग सुटे करावेत. मोटारीचा भाग फक्त ओल्या फडक्याने पुसावा, नळाखाली धरू नये. बाकीचे कोमट पाणी, साबण आणि ब्रश. जाळीचे एकेक भोक. लगेच कोरडे करावे. सुरी आणि जाळीला खाण्याच्या तेलाचे बोट फिरवून ठेवावे, नाहीतर दुसऱ्या दिवशी तांबूस गंज दिसतो.

याला वीस मिनिटे लागतात, आणि खरा प्रश्न इथेच आहे. खिमा काढायला सात मिनिटे आणि धुवायला वीस. यंत्र आणले म्हणून घरच्या बाईचे काम हलके झाले असे पुरुषमंडळी समजतात, पण धुणे तिच्याच गळ्यात पडले तर तिचे काम फक्त ठोकळ्यावरून मोरीत गेले. आमच्या घरात ठरले आहे, की मटण आणणे, खिमा काढणे आणि यंत्र धुणे हे पुरुषाने करायचे. थोरल्या नातवाला आता सुरीची सपाट बाजू बरोबर कळते. आई पहिल्या दिवशी म्हणाली, "राहू दे रे, मी धुते." तिला पाटावर बसवले आणि लसूण सोलायला दिला.

आमच्या रीतीने

अर्ध्या किलोला दोन मोठे कांदे, आले-लसणाची गोळी, भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचे वाटण आणि काळा मसाला. कांदा तांबूस झाला की खिमा घालून तो मोठ्या आचेवर पाणी आटेपर्यंत परतायचा, मग मसाला, मग गरम पाणी. खाणारी तोंडे जास्त असतील तर पाव किलो चण्याची डाळ दोन-तीन तास भिजवून, वेगळी मऊ शिजवून त्यात घालायची. डाळीने खिमा वाढतो आणि बाबांना गिळायला सोपाही जातो. उरलेल्या खिम्यात उकडलेला बटाटा कुस्करून तव्यावर टिक्क्या केल्या की मुलांचा डबा होतो.

आमच्या एका नातलगाने विचारले, "पंचशील घेता आणि मांसाचे यंत्र आणता?" प्रश्न रागाने नव्हता. आम्ही एवढेच म्हणालो, की 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. तो भाग आपण दोघे मिळून वाचू. आणि १९२७ च्या महाड परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचा ठराव झाला, तेव्हा प्रश्न मांसाचा नव्हता, लाचारीचा होता. ज्याला मांस सोडायचे आहे त्याने जरूर सोडावे. जो खातो त्याने ताजे, विकत घेतलेले, स्वच्छ केलेले खावे.

आता शेवटचे. आपल्या घरात फोडींची वाटणी कशी होते ते आठवून पाहा. नळी घरच्या कर्त्याला, मोठ्या फोडी मुलांना, आणि बाई शेवटी बसते तेव्हा पातेल्याच्या बुडाशी रस्सा आणि एखादे हाड. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी ५७ जणींना रक्तक्षय आढळला. त्याची कारणे पुष्कळ आहेत, पण मांसातले लोह अंगी चांगले लागते आणि तेच बाईच्या ताटात कमी पडते, हे आपण डोळ्यांनी पाहतो. खिम्यात मोठी फोड आणि लहान फोड नसते. पळीने वाढला की सगळ्यांना सारखा येतो. आम्ही सहा जण आहोत, तेव्हा पातेले उतरले की आधी सहा वाट्या भरतो, आईची आणि सुनेचीही, आणि मगच जेवायला बसतो. बाबांची वाटी आता रिकामी होते. आईचीही होते.

ज्यांच्या घरात यंत्र नाही आणि म्हातारे माणूस आहे, अशा आमच्या मजल्यावरच्या दोन घरांसाठी आम्ही रविवारी त्यांचेही मटण काढून देतो. नियम एकच, मटण हाडे काढून आणि गार करून आणायचे. एका धुण्यात तीन घरांचे काम होते.